नाळ किती उचलावी? आउटबोर्ड बोटीतल्या पॉवर ट्रिमचा आढावा

आउटबोर्ड बोटीच्या थ्रॉटलच्या दांड्यावर, चालकाच्या अंगठ्याखाली येईल अशा जागी एक छोटं दुहेरी बटण असतं. ते वर दाबलं की बोटीच्या मागे टांगलेल्या इंजिनाचा खालचा भाग बोटीपासून थोडा दूर सरकतो, खाली दाबलं की पुन्हा जवळ येतो. इंजिनाची ताकद तीच राहते, पंखा तोच राहतो, थ्रॉटल जागचं हलत नाही. तरीही भरधाव बोटीत हे बटण दोन सेकंद दाबलं की वेगाचा आकडा चढतो, सुकाणू हलकं लागतं, तळाखालून येणारा पाण्याचा आवाज बदलतो. आणखी दोन सेकंद दाबलं, तर तीच बोट नाळ, म्हणजे पुढचं टोक, आपटत उड्या मारायला लागते.

या सोयीला पॉवर ट्रिम म्हणतात. मोठ्या इंजिनांवर ती आता गृहीतच धरली जाते. पण तिच्यामुळे वेग नेमका किती वाढतो, त्याचं श्रेय बटणाचं की बोटीच्या मूळ मांडणीचं, आणि हे बटण माणसाच्या अंगठ्याखाली असावं की संगणकाच्या ताब्यात, यांवर बोट बांधणारे, शर्यतवाले आणि इंजिन बनवणारे यांचं एकमत नाही.

खिळीपासून बटणापर्यंत

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये आपलं आउटबोर्ड इंजिन बाजारात आणलं. त्याच्या आधी कॅमेरॉन वॉटरमन यांनीही असं इंजिन विकायला सुरुवात केली होती. ही इंजिनं वल्ह्यांच्या होड्यांना लावायची, आणि त्यांची ताकद जेमतेम एक-दोन अश्वशक्ती. बोट वल्ह्यांपेक्षा थोडी बरी चालली तरी लोक खूश होते. इंजिन कोणत्या कोनात टांगलंय, याचा विचार करायचं फारसं कारण नव्हतं.

ताकद वाढली तसा कोन महत्त्वाचा ठरू लागला. त्यावर जुना उपाय होता खिळीचा. इंजिनाच्या पकडीत एका ओळीत भोकं असत. त्यांपैकी एका भोकात खिळी सरकवली की इंजिन त्या कोनाला टेकून राही. हा कोन निघताना ठरवायचा आणि दिवसभर तोच पाळायचा. वाटेत माणसं उतरली किंवा टाकी अर्धी झाली, तर इंजिन बंद करायचं, हाताने उचलायचं आणि खिळी दुसऱ्या भोकात घालायची. लहान इंजिनांवर ही पद्धत आजही आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत इंजिनांच्या ताकदीची चढाओढ लागली. कार्ल कीकहेफर यांनी १९३९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या सीडरबर्ग इथे सुरू केलेल्या कंपनीतून मर्क्युरी इंजिनं उभी राहिली. १९५७ मध्ये त्यांनी चाचण्यांसाठी फ्लोरिडातलं एक आडबाजूचं तळं मिळवलं आणि स्पर्धकांना पत्ता लागू नये म्हणून त्याला ‘लेक एक्स’ असं नाव दिलं. १९५९ मध्ये व्होल्वो पेंटाचा अ‍ॅक्वामॅटिक आला. त्यात इंजिन बोटीच्या आत आणि फिरणारा पाय बाहेर, अशी रचना होती. पुढे १९६०च्या दशकात या दोन्ही प्रकारच्या यंत्रांना विजेच्या मोटरवर चालणारा तेलाचा पंप आणि दट्टे बसू लागले. धावत्या बोटीत कोन बदलता येऊ लागला, आणि वादाची खरी सुरुवात तिथेच झाली.

ट्रिम आणि टिल्ट या दोन शब्दांची सरमिसळ नेहमी होते. इंजिनाच्या हालचालीतले सुरुवातीचे साधारण २० अंश, म्हणजे बऱ्याच इंजिनांत उणे ४ ते अधिक १६, हा ट्रिमचा पल्ला. त्याच्या पुढे जवळपास ७० अंशांपर्यंत इंजिन उचललं जातं, तो टिल्ट. वाळूवर बोट लावताना, उथळ पाण्यात किंवा ट्रेलरवर चढवताना टिल्ट लागतो. पूर्ण जोरात धावण्यासाठी तो नसतोच. बऱ्याच रचनांत ट्रिमचे दट्टे आखूड आणि दणकट, तर टिल्टचा दट्ट्या लांब आणि तुलनेने नाजूक असतो.

चार अंशांचं गणित

पाणी बाजूला सारत चालणाऱ्या बोटीच्या वेगाला तिची लांबीच मर्यादा घालते. विल्यम फ्राउड यांनी १८७०च्या दशकात इंग्लंडमधल्या टॉर्की इथे प्रतिकृती ओढून हे संबंध तपासले. पाण्यालगतची लांबी ६ मीटर असेल, तर अशा बोटीचा वेग ताशी ११ किलोमीटरच्या आसपास येऊन अडतो. कारण तिनेच उठवलेल्या लाटेचा चढ तिच्यासमोर उभा राहतो. पुरेशी ताकद असेल तर बोट तो चढ ओलांडते आणि तळाच्या मागच्या भागावर पाण्याच्या वर घसरत धावते. यालाच प्लेनिंग म्हणतात. ट्रिमचा खरा परिणाम दिसतो तो इथून पुढे.

घसरत धावणाऱ्या बोटीचा पाण्याशी असलेला कोन किती असावा, याचं सर्वांत जास्त वापरलं गेलेलं गणित डॅनियल साव्हित्स्की यांचं आहे. न्यू जर्सीतल्या होबोकन इथल्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटच्या डेव्हिडसन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या साव्हित्स्की यांनी ते १९६४ मध्ये मांडलं. त्यानुसार बोटीला होणारा विरोध दोन भागांत पडतो. पहिला भाग बोट पाण्यावर तिरपी रेलल्यामुळे येतो, आणि कोनाबरोबर वाढतो. १००० किलो वजनाच्या बोटीत २ अंशाला तो सुमारे ३५ किलोच्या ओढीइतका, ४ अंशाला ७० आणि ६ अंशाला १०५ किलोच्या ओढीइतका भरतो. दुसरा भाग ओल्या तळाच्या घर्षणाचा, आणि तो उलट वागतो. नाळ खाली असली की तळाचा मोठा पट्टा पाण्याला घासतो, नाळ उचलली की हा पट्टा आखडतो. एक भाग चढता, दुसरा उतरता. त्यांची बेरीज बऱ्याच सामान्य बोटींत ४ अंशांच्या आसपास सर्वांत कमी होते.

पॉवर ट्रिम बोटीला या कोनाकडे नेतं. इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यातला खालचा भाग, बाहेर गेला की पंख्याचा झोत थोडा वरच्या दिशेला जातो, आणि बोटीवरचा जोर पुढे व किंचित खाली लागतो. हा जोर बोटीच्या अगदी मागच्या टोकाला असल्यामुळे तो मागचा भाग दाबतो आणि नाळ वर येते. पंख्याचा दांडा पाण्याच्या पातळीपासून ५ अंशांनी कलला, तर पुढे ढकलणाऱ्या जोरातला अर्धा टक्काही वाया जात नाही. मात्र एकूण जोराच्या जवळजवळ ९ टक्के इतका जोर नाळ उचलायला मिळतो. तो बोटीच्या गुरुत्वमध्यापासून काही मीटर मागे लागतो, म्हणून इतकाही पुरतो. पाय आत घेतला की हेच उलट होतं. मागचा भाग उचलला जातो आणि नाळ पाण्यात बसते.

चालकांना शिकवला जाणारा क्रम यातूनच आला आहे. निघताना ट्रिम पूर्ण आत ठेवायचं, म्हणजे नाळ आकाशाकडे न जाता बोट लवकर घसरणीला लागते. त्यानंतर थोडं थोडं बाहेर काढायचं. सुकाणू हलकं झालं आणि वेग वाढायचा थांबला की तिथेच थांबायचं.

पंख्याचं म्हणणं

तळाचं गणित जमलं तरी पंखा साथ देईलच असं नाही. पंख्याची प्रत्येक फेरी बोटीला किती पुढे नेईल, याचा एक कागदी हिशोब असतो. समजा पंख्याचा पिच, म्हणजे एका फेरीत कागदावर कापलं जाणारं अंतर, २१ इंच, गियरचं प्रमाण १.७५ आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला ५८००. कागदावर वेग येतो ताशी १०६ किलोमीटर. प्रत्यक्षात बोट ९५ने धावली, तर सुमारे १० टक्के फरक पंख्याच्या घसरणीत गेला. थोडी घसरण लागतेच, तिच्याशिवाय पंखा पाण्याला ढकलूच शकत नाही.

ट्रिम बाहेर काढलं की पंखा पृष्ठभागाच्या जवळ येतो. एका हद्दीनंतर तो वरची हवा ओढून घेतो, पाण्यावरची पकड सुटते, फेरे एकदम चढतात आणि वेग पडतो. याला व्हेंटिलेशन म्हणतात. बोलण्यात त्यालाच कॅव्हिटेशन म्हणून मोकळे होणारे पुष्कळ आहेत, पण ते वेगळं. कॅव्हिटेशनमध्ये पात्यावरचा दाब इतका घटतो की पाण्याची तिथेच वाफ होते. काठ किंचित वळवलेले, म्हणजे कपिंग केलेले स्टीलचे पंखे हवा मिसळलेल्या पाण्यातही बऱ्यापैकी पकड ठेवतात. म्हणून एकाच बोटीत अ‍ॅल्युमिनियमचा पंखा जिथे सुटतो, त्याच्या पुढेही स्टीलच्या पंख्याने ट्रिम काढता येतं.

आणखी दोन परिणाम चालकाला हाताला आणि डोळ्याला जाणवतात. ट्रिम आत असताना सुकाणू एका बाजूला ओढतं, बाहेर गेल्यावर दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये कुठेतरी ही ओढ नाहीशी होते. आणि इंजिन थंड ठेवणारं पाणी खालच्या पायातूनच आत जातं. पाय फार वर आला तर हे पाणी तुटतं. इंजिनाच्या बगलेतून पडणारी धार बारीक झाली की अनुभवी खलाशी आधी ट्रिम आत घेतो.

श्रेय कुणाचं?

पहिला मतप्रवाह ट्रिमला स्वस्तातला वेग मानतो. त्यामागचा हिशोब असा. घसरत धावणाऱ्या बोटींसाठी जॉर्ज क्राउच यांचं एक जुनं सूत्र वापरलं जातं. त्यानुसार वजन तेच ठेवलं तर वेग ताकदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे १० टक्के जास्त वेग हवा असेल, तर १५० ऐवजी सुमारे १८० अश्वशक्तीचं इंजिन लागेल. चुकीच्या कोनात धावणारी बोट योग्य कोनात आणून यातला थोडा भाग जरी मिळाला, तरी तो पैसे न मोजता मिळतो. जिथे ताकदीवरच मर्यादा आहे तिथे हा मुद्दा आणखी धारदार होतो. अमेरिकेतल्या बास मासेमारीच्या अनेक स्पर्धांत २५० अश्वशक्तीच्या वर जाता येत नाही. सगळ्यांची ताकद सारखी असताना मासळीच्या जागेवर आधी कोण पोचतो, हे पंखा, इंजिनाची उंची आणि ट्रिम यांवर बऱ्याच अंशी ठरतं.

दुसरा मतप्रवाह म्हणतो की ट्रिम ही शेवटची पायरी आहे. वजनाची वाटणी, इंजिनाची उंची आणि पंख्याची निवड चुकली असेल, तर बटण ते झाकतं, सुधारत नाही. टाकी आणि बॅटऱ्या मागे रचलेल्या बोटीत ट्रिम जरा बाहेर काढताच नाळ उसळायला लागते. नाळेत माणसं बसवलेल्या बोटीत ते शेवटपर्यंत काढलं तरी पुरत नाही. या मताचे लोक इंजिन उभं वर-खाली करणाऱ्या जॅक प्लेटचं उदाहरण देतात. खालचा पाय पाण्यातून जितका वर येतो तितका त्याचा स्वतःचा विरोध घटतो, आणि हा फायदा ट्रिमच्या कोनाने मिळत नाही. पहिल्या बाजूचं यावर उत्तर असं की मांडणी किनाऱ्यावर होते, आणि भार, वारा, लाटा पाण्यावर बदलतात. जाताना भरलेली टाकी येताना रिकामी असते, तिथे बटणच कामाला येतं.

तिसरी बाजू ट्रिम टॅबवाल्यांची. ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या फळीच्या, खालच्या काठाला बसवलेल्या या दोन हलत्या पट्ट्या मागचा भाग उचलून नाळ खाली आणतात. फ्लोरिडातली बेनेट कंपनी त्या १९५९ पासून बनवते. टॅब डावे-उजवे वेगळे हलतात, म्हणून माणसं एका बाजूला बसली तरी बोट सरळ करता येते. एकट्या इंजिनाच्या ट्रिमला हे जमत नाही. उलट टॅब नाळ उचलू शकत नाहीत, आणि खाली सोडले की स्वतःचा विरोध वाढवतात. बऱ्याच बोटींत आता दोन्ही असतात. मग नाळ टॅबने धरून इंजिन बाहेर काढायचं, की टॅब पूर्ण वर घेऊन सगळं इंजिनावर सोडायचं, याचं उत्तर बोटीगणिक बदलतं.

अंगठा की संगणक

गेल्या दीड दशकात वाद स्वयंचलित ट्रिमकडे वळला. व्होल्वो पेंटाची पॉवरट्रिम असिस्टंट इंजिनाच्या फेऱ्यांवरून कोन ठरवते. मर्क्युरीची अ‍ॅक्टिव्ह ट्रिम जीपीएसने मोजलेल्या वेगावरून ठरवते आणि चालकाला पाच ठरावीक आलेखांतून एक निवडू देते. दोन्हींत चालकाने बटण दाबलं की त्याचाच शब्द चालतो.

बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा साधा आहे. भाड्याने बोट घेणारे, नवशिके, सुट्टीत कुटुंबाला फिरवणारे लोक ट्रिमला हातच लावत नाहीत. नाळ आकाशाकडे आणि पेट्रोल पाण्यात, अशी त्यांची सफर चालते. त्यांच्यासाठी ठीकठाक कोनसुद्धा मोठी सुधारणा आहे.

विरोधात बोलणाऱ्यांची हरकत यंत्राला काय कळतं यावर आहे. जीपीएस जमिनीवरचा वेग मोजतं, पाण्यातला नाही. भरतीचा ओढा ताशी ५ किलोमीटरचा असेल, तर त्याच्याबरोबर आणि त्याच्याविरुद्ध जाताना तळाला जाणवणारा वेग सारखा असूनही पडद्यावर १० किलोमीटरचा फरक दिसतो. फेऱ्यांवरून चालणाऱ्या यंत्राला भार वाढल्याचं थेट कळत नाही. समोरून येणारी लाट तर दोघांनाही दिसत नाही. झिपवेक, हम्फ्री यांसारख्या स्वीडिश कंपन्यांच्या प्रणाली बोटीचा प्रत्यक्ष कल संवेदकांनी मोजतात आणि ट्रान्समवरच्या आडव्या पात्या वर-खाली करतात. या आक्षेपाचा एक भाग त्यामुळे सुटतो. पण नाळ उचलायचं काम पात्यांना जमत नसल्याने इंजिनाचा प्रश्न उरतोच.

शर्यत आणि सावधगिरी

ट्रिमचं टोक पाहायचं तर शर्यतीत. १९८१ पासून चालणाऱ्या एफ-वन पॉवरबोट मालिकेतल्या जुळ्या तळाच्या बोटी ताशी २०० किलोमीटरच्या वर जातात. दोन तळांच्या बोगद्यात कोंडलेली हवाच त्यांना उचलते. चालक वळणाआधी ट्रिम आत घेतो, सरळ पट्ट्यात बाहेर काढतो, आणि हे फेरीगणिक अनेकदा करतो. जरा जास्त बाहेर गेलं आणि समोरून वाऱ्याचा झोत आला, तर नाळ हवेत उचलली जाऊन बोट मागे उलटते. मुंबईकरांनी वेगवान बोटींची शर्यत पाहिली ती मार्च २०१७ मध्ये, मरीन ड्राइव्हसमोर. पी-वन मालिकेतल्या त्या बोटी एकाच घडणीच्या होत्या. अशा शर्यतीत ताकदीपेक्षा बोट कशी हाकली जाते यावर निकाल अवलंबून राहतो.

साध्या बोटींत धोका बहुधा उलट टोकाला असतो. वेगात वळताना ट्रिम फार आत राहिलं, तर नाळ पाण्यात रुतते, मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि बोट जागच्या जागी गर्रकन फिरते. माणसं पाण्यात पडतात आणि इंजिन चालूच असतं. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींच्या चालकाला, इंजिन बंद करणारी दोरी किंवा तसं साधन अंगाला जोडण्याची सक्ती झाली. तो नियम ट्रिमपुरता नाही, पण अशा अपघातांनाही लागू पडतो. समुद्राच्या लाटांसाठी नियम वेगळे. समोरून लाटा असतील तर नाळ थोडी खाली, म्हणजे तळाचा टोकदार भाग पाणी कापतो. मागून लाटा असतील तर नाळ वर, नाहीतर ती पुढच्या लाटेच्या पाठीत घुसते. दोन्ही वेळी सर्वांत वेगवान कोन हा सर्वांत योग्य कोन नसतो.

काय सुटलेलं नाही

ट्रिमने वेग किती वाढतो, याला एक आकडा नाही, आणि त्याचं कारण मोजणीतच आहे. तुलना कशाशी करायची? पूर्ण आत घेतलेल्या ट्रिमशी केली तर फरक डोळ्यांत भरतो. आधीच नीट बसवलेल्या खिळीशी केली तर तो बराच आकसतो. जीपीएस येण्याआधी पायाच्या टोकावरच्या भोकातून पाण्याचा दाब मोजून वेग दाखवला जाई, आणि त्या भोकात शेवाळ अडकलं की आकडा फसवा. आता वेग नेमका कळतो. पण वारा आणि प्रवाह वजा करायला दोन्ही दिशांना धावून सरासरी काढावीच लागते, आणि माणसांचं वजन व टाकीतलं इंधन नोंदवावं लागतं. पुष्कळ तुलनांत हे झालेलं नसतं.

गणिताच्याही मर्यादा आहेत. साव्हित्स्की यांचं सूत्र शांत पाण्यातल्या, सर्वत्र सारख्या तिरकस तळाच्या बोटीसाठी आहे. तळाला आडव्या पायऱ्या असलेल्या, मध्ये सपाट पट्टी ठेवलेल्या किंवा हवेवर रेलणाऱ्या बोटींत ४ अंशांचा तो सुबक मध्यबिंदू सरकतो. उड्या कोणत्या कोनापासून सुरू होतील, याच्या सीमारेषा डे आणि हाग यांनी १९५२ मध्ये प्रतिकृतींवरून काढल्या. पूर्ण आकाराच्या, वेडावाकडा भार घेतलेल्या बोटीत ही सीमा आजही चाचणीनेच शोधावी लागते. जास्तीत जास्त वेगाचा कोन आणि मध्यम वेगात कमीत कमी इंधन जाळणारा कोन एकच असतो का, हा प्रश्नही खुला आहे. विजेच्या आउटबोर्डमुळे तो पुन्हा ऐरणीवर आला आहे. कारण बॅटरीवर कोन चुकला तर पल्ला घटतो.

कोकणात हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. लहान फायबर होड्यांवरच्या बऱ्याच इंजिनांना बटण नसतं, खिळीच असते. पहाटे जाळी आणि इंधनाने जड झालेली होडी बाहेर पडते, आणि परतताना भार मासळीवर ठरतो, कधी भरगच्च, कधी नाममात्र. खिळी मात्र दिवसभर एकाच भोकात राहते. इंधनाचा खर्च नाखव्याच्या हिशोबात मोठा असतो. अशा होडीत दट्टे, पंप आणि मोटरचं वाढीव वजन, किंमत आणि खाऱ्या पाण्यातली दुरुस्ती धरूनही बटण परवडेल का, की जाता-येता खिळीची दोन ठरलेली भोकं वापरूनच बराच फायदा पदरात पडेल, हे एकाच होडीवर एका हंगामात दोन्ही पद्धतींनी मोजून पाहता येण्यासारखं आहे.